आतली फेरी

"आज मी आतून फिरणार," कासिल्दा म्हणाली आणि तिने इलारिओच्या बँडच्या कोटाची कॉलर इस्त्रीखाली दाबली.

इलारिओ आरशासमोर दाढी करत होता. वस्तरा गालावरच थांबला. "आतून म्हणजे?"

"आतून म्हणजे आतून. बागेतल्या आतल्या वाटेवरून. परवा साखळी काढली ना त्यांनी? मग!"

"काढली म्हणून लगेच आजच जायला पाहिजे असं थोडंच आहे?"

"मग कधी जाऊ? म्हातारी झाल्यावर? तेव्हा बसायला जाईन. फिरायचं तर आत्ताच. आणि पोरीलाही, नोर्कालाही नेणारे."

कासिल्दाने एकदा ठरवलं की बोलून उपयोग नसतो, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी इलारिओच्या लक्षात आलं होतं. त्याने उरलेली दाढी उरकली. पण हनुवटीपाशी कापलंच.

सान ओनोफ्रेच्या बागेला दोन वाटा होत्या. मधोमध बँडचा गोल चौथरा. त्याच्याभोवती फरशी घातलेली वाट, दिवे, लोखंडी बाकं, ती गोऱ्यांची. मग खांबांवर झुलणारी काळी साखळी. साखळीच्या बाहेर मातीची वाट. ती बाकी सगळ्यांची. रविवारी संध्याकाळी बँड सुरू झाला की दोन्ही वाटांवर गाव फिरायला लागायचं, पुरुष एका दिशेने, बायका उलट्या दिशेने, म्हणजे प्रत्येक फेरीला नजरानजर व्हावी. सान ओनोफ्रेतली बहुतेक लग्नं अशीच जमलेली होती. कुणी कुठून फिरायचं याचा बोर्ड कुठेच नव्हता. लागतच नव्हता.

कायदाही होता. चाळीस साली देशाची नवी घटना झाली, तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की रंगावरून भेद करणं हा गुन्हा आहे. त्याच वर्षी नगरपालिकेने साखळीला नवा रंग दिला.

आणि आता एकोणसाठच्या जानेवारीत हवानातलं सरकारच उलटलं. डोंगरातून दाढीवाली पोरं खाली आली, रेडिओवर रोज नवीन काहीतरी ऐकू येऊ लागलं. एका सकाळी पालिकेचा ट्रक आला, कामगारांनी खांब उपटले, खड्ड्यांत सिमेंट भरलं आणि साखळी ट्रकमध्ये टाकून ते निघून गेले. लोक लांबून बघत उभे होते. सिमेंट वाळलं, तरी कुणी त्यावर पाय दिला नव्हता.

इलारिओ झुलुएता पत्र्याचं काम करायचा. बादल्या, कॉफीची भांडी, छपरांच्या पन्हाळी. आणि रविवारी तो पालिकेच्या बँडमध्ये बॉम्बार्दिनो वाजवायचा. बॉम्बार्दिनो म्हणजे मांडीवर बाळासारखं घेऊन बसायचं पितळी वाद्य. आवाज जाड, पण मऊ, तापलेल्या काकवीसारखा. बँडमध्ये काळे-गोरे शेजारीशेजारी बसत. त्यामुळे इलारिओला आतली वाट ओलांडायची मुभा होती. मात्र वाद्य हातात असेल तरच. एकदा कार्यक्रम संपल्यावर तो हॅट चौथऱ्यावर विसरला. परत गेला, तर पोन्सियानो पहारेकऱ्याने साखळीपाशी अडवलं. "वाद्य कुठाय?" "घरी ठेवून आलो. हॅट राहिलीये, ती काय तिथे दिसतेय." "दिसतेय रे बाबा. पण वाद्य कुठाय?" इलारिओ घरी गेला, बॉम्बार्दिनो खांद्यावर घेऊन पुन्हा आला, हॅट उचलली, डोक्यावर ठेवली आणि परत गेला. पोन्सियानोने अदबीने साखळी धरून ठेवली होती. पुढे कितीतरी वर्षं इलारिओ हा किस्सा हसत हसत सांगायचा. कासिल्दा मात्र कधी हसली नाही.

कासिल्दाला त्याने पहिल्यांदा पाहिलं तेही चौथऱ्यावरूनच. ती बाहेरच्या वाटेने मैत्रिणींबरोबर फिरत होती आणि तो वाजवता वाजवता मान वळवत होता. दोघांच्या मध्ये सगळी गोरी फेरी चाललेली. हॅटांच्या आणि पंख्यांच्या मधून ती दिसायची, मग नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. "तुझं तोंड वाद्याला आणि डोळे मला," ती लग्नानंतर म्हणायची, "बिचारा बँडमास्तर!"

दुपारी तिचा भाऊ मकारिओ जेवायला आला. तो साखरेच्या गोदामात पोती वाहायचा. भात आणि काळे घेवडे ताटात कालवता कालवता त्याने बातमी ऐकली आणि घास तसाच हातात धरून ठेवला.

"वेड लागलंय तुला कासिल्दा?"

"कायदा झालाय."

"कायदा काय, कायदा चाळीस सालीही झाला होता. कायदा कागदावरून चालतो, बाई. आपण मातीवरून चालतो."

"म्हणून तर फरशीवरून चालून बघायचंय."

"आणि कुणी काही बोललं तर?"

"मला तोंड नाहीये का?"

"ते आहे," मकारिओ म्हणाला. "देवाने तेवढं अगदी हात सैल सोडून दिलंय." मग तो इलारिओकडे वळला. "आणि तू काय नुसता बसलायस? नवरा ना तू?"

"मी वाजवायला बसलेला असणार," इलारिओ म्हणाला. हे त्याने विनोद म्हणून सांगितलं. त्याला पोलिसांची भीती नव्हती. गावातल्या अर्ध्या गोऱ्या घरांतली भांडी त्याच्याकडे यायची, ती यायची बंद होतील ही भीतीही फारशी नव्हती. कासिल्दाला कुणी हसेल आणि ते आपल्याला वरून बघावं लागेल, याचीच त्याला भीती होती.

संध्याकाळी बँड बसला. तिसरी चीज दान्सोन होती, संथ नाचाची. इलारिओने वाद्याच्या तोंडाला ओठ लावले आणि त्याला कासिल्दा दिसली. पिवळा झगा, नवे बूट, आठ वर्षांच्या नोर्काचा हात हातात. ती बाहेरच्या वाटेवरून पूर्ण एक फेरी फिरली, जणू अंदाज घेत होती. मग जिथे खांब होता तिथल्या सिमेंटवर तिने पाय ठेवला आणि ती आत आली.

कुणी शिवी दिली नाही. कुणी आडवं आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं; तोंडाच्या लढाईत कासिल्दा गावात कुणाला हार गेली नसती. पण झालं ते वेगळंच. समोरून येणाऱ्या दोन बायका बोलता बोलता वळल्या आणि बागेसमोरच्या, गोऱ्यांच्या क्लबच्या व्हरांड्याकडे निघाल्या. कुणाला घरच्या दुधाची आठवण झाली. कुणी घड्याळ काढून बघितलं. एका बाकावरचं आख्खं कुटुंब उठलं, रुमाल झटकले, हळूहळू चालू लागलं. घाई नाही, राग नाही. नळ पूर्ण बंद न करता बादली ठेवून द्यावी आणि थेंबाथेंबाने टाकी रिकामी व्हावी, तशी ती वाट रिकामी होत गेली. बाहेरच्या मातीवर आपली माणसं चालायची थांबून बघत उभी राहिली. आणि मधल्या लखलखीत फरशीवर उरली कासिल्दा, आणि तिच्या हाताला लटकलेली नोर्का.

दान्सोनच्या मध्यावर बॉम्बार्दिनोची एकट्याची जागा होती. ती जागा आली. इलारिओच्या तोंडात थुंकीचा थेंब नव्हता. तो फुंकू शकला नाही. बँड त्या भोकाभोवती एक क्षण लटपटला.

मास्तर गोरा होता, पोटदुखीने सदा कावलेला, कुणाला चांगलं म्हणायची सवय नसलेला माणूस. त्याने इलारिओकडे पाहिलं, मग इलारिओ जिकडे बघत होता तिकडे पाहिलं. छडी खाली केली नाही. डाव्या हाताने हवेत एक गोल काढला. म्हणजे पुन्हा मागून घ्या. सगळा बँड वळसा घालून परत त्याच जागेपाशी आला. आणि या वेळी इलारिओ घुसला. कसं वाजवलं ते त्याला कधीच आठवलं नाही. त्याला एवढंच आठवायचं की खाली कासिल्दाची पावलं त्या सुरांवर पडत होती, आणि ती मान खाली घालत नव्हती.

तेवढ्यात दुसरी गोष्ट घडली. बाहेरच्या गर्दीतून मकारिओ पुढे आला. हॅट कपाळावर ओढलेली, चेहरा फाशी जाणाऱ्याचा. साखळीच्या जागेपाशी आला आणि सवयीने त्याने पाय गुडघ्याच्या वर उचलला, नसलेल्या साखळीवरून. लोक हसले. मकारिओही हसला. मग बहिणीच्या शेजारून न चालता तो रिवाजाप्रमाणे उलट्या दिशेने फिरू लागला, आणि समोर आली की प्रत्येक फेरीला हॅट उचलून म्हणू लागला, "शुभ संध्याकाळ, सेन्योरा." त्याच्यामागून आणखी दोघं आले. मग एक जोडपं. फार नाही. पण त्या फेरीला फेरी म्हणता येईल इतके.

बाकांवरची सगळी उठली होती, एक सोडून. सेन्योरिता ओर्तेन्सिया, औषधवाल्या वाल्यादारेसची थोरली बहीण, बिनलग्नाची, गुडघ्यांनी अधू. तिचा भाऊ कोपऱ्यावरून दोनदा हाक मारून गेला. दुसऱ्या हाकेला ती ओरडली, ते चौथऱ्यावरही ऐकू आलं: "कार्यक्रम संपायचाय अजून! तू जा, तुला काय कळतंय गाण्यातलं!"

रात्री घरी कासिल्दाने बूट काढले. टाचांना फोड आले होते. इलारिओने कोमट पाण्याचं पातेलं आणून ठेवलं.

"त्या बाकावरच्या म्हातारीने मला बोलावलं," ती म्हणाली. "मला वाटलं, आता ही सुनावणार. तर म्हणते, 'तुम्हाला बूट चावतायत, लांबून दिसतंय. बसा जरा.'"

"मग बसलीस?"

"बसले की. पण ऐकलंस का? 'तुम्ही' म्हणाली. तिच्या घरचे पडदे माझी आई धुवायची. आईला ती कायम 'अगं' म्हणायची." कासिल्दाने पाय पाण्यात बुडवले. "नोर्का विचारत होती, 'मम्मी, सगळे कुठे गेले?' मी म्हटलं, जेवायला."

इलारिओ तिच्यासमोर खाली बसला. त्याला बरंच काही बोलायचं होतं. "माझी जागा चुकली," एवढंच तो म्हणाला.

"दुसऱ्यांदा चांगली वाजवलीस," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी गोरे आलेच नाहीत. मग काही आले, ते क्लबच्या बाजूच्या अर्ध्या वाटेवरच येरझाऱ्या घालून गेले. वर्षभरात क्लब सरकारने बंद केले, पुष्कळ घरं कुलपं लावून मियामीला निघून गेली, आणि रविवारचं फिरणंच आटत गेलं. साखळी गेली तशी फेरीही गेली, असं मकारिओ म्हणायचा. जुनी माणसं मात्र मरेपर्यंत त्या सिमेंटच्या ठिपक्यांपाशी आली की पाऊल किंचित आखडायची. इलारिओने स्वतःचंही पाऊल आखडताना पकडलं होतं.

पण जे मिळालं ते मिळालं, आणि ते इलारिओ कधी नाकबूल करायचा नाही. नोर्का पूर्वीच्या गोऱ्या मुलींच्या शाळेत गेली, फी नाही, पुस्तकं फुकट. तिथून हवानाला, आणि हवानाहून दातांची डॉक्टर होऊन परत आली. झुलुएतांच्या सात पिढ्यांत कुणी सहीच्या पुढे लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी एका गोऱ्या आजीबाईंनी तिच्या खुर्चीत बसून, तोंड उघडायच्या आधी विचारलं, "डॉक्टर कधी येणारेत गं?" नोर्का म्हणाली, "आल्यात आजी. आ करा." घरी तिने ही नक्कल केली तेव्हा कासिल्दा खुर्चीवरून पडेपर्यंत हसली.

मास्तर वारला तेव्हा बँडमध्ये सगळ्यात जुना इलारिओच होता. आता मास्तर तोच, असं सगळे धरूनच चालले होते. पण संस्कृती खात्याने प्रांताच्या गावाहून एक तरुण पाठवला, ओस्वाल्दो, गव्हाळ रंगाहून उजळ. "कॉम्रेड झुलुएता, तुमच्या वाजवण्याबद्दल प्रश्नच नाही," अधिकारी म्हणाला, "पण बँडपुढे उभं राहायचं म्हणजे एक छाप लागते. तुम्ही समजून घ्याल." इलारिओने समजून घेतलं, तसं समजून घ्यायची त्याला सवय होती. कासिल्दाने नाही. ती त्या कचेरीत गेली आणि विचारून आली की 'छाप' हा शब्द नव्या कायद्याच्या कुठल्या कलमात आहे. ओस्वाल्दो त्याच रात्री घरी आला, दारातच उभा राहून म्हणाला, "डॉन इलारिओ, मला शिकवाल का?" इलारिओने त्याला शिकवलं. मुलगा गुणी निघाला.

कासिल्दा गेली ती साखरेच्या आजाराने, पासष्टीच्या आत. शेवटी तिचे पाय चालत नव्हते. इलारिओ तिला खुर्चीत घालून बागेत न्यायचा आणि चौथऱ्याभोवती ढकलायचा. "हळू रे," ती म्हणायची, "मी काही पळून चालले नाहीये." तिच्या मागोमाग दोन वर्षांत इलारिओचे पुढचे दात गेले, आणि दातांबरोबर बॉम्बार्दिनो. ओठांना मागून आधार नसला की सूर धरत नाही. त्याने वाद्य चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. कुणापाशी तक्रार केली नाही.

नोर्काने त्याला नवे दात करून द्यायचं ठरवलं ते वाईट दिवस होते. रशियाची मदत आटलेली, दिवे जास्त वेळ बंदच, दवाखान्यात भूल द्यायचं औषध मिळालं तर मिळालं. कवळीचं साहित्य ती कुठून कुठून गोळा करत होती. ते करता करता वर्ष गेलं. इलारिओने तिला वाद्याचं तोंड लावून दाखवायचं, तिने कानस चालवायची, पुन्हा लावायचं. "पापा, हे जेवायचे दात नाहीत," ती म्हणायची, "वाजवायचे आहेत. जेवण दुसऱ्या नंबरवर." एका सकाळी दवाखान्यात, खुर्चीतच बसून, त्याने पहिला सूर लावला. बाहेर बाकावर गाल धरून बसलेले पेशंट दाराकडे वळून बघू लागले. सूर थोडा कापत होता, पण तो होता. नोर्काने हातमोज्यातल्या मुठीने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "डावीकडे जरा उंच आहे. अजून घासते."

त्या रविवारी ओस्वाल्दोने, आता त्याचेही केस पिकले होते, चौथऱ्यावर त्याच्यासाठी खुर्ची ठेवली. इलारिओने दोनच चीजा वाजवल्या. खाली बाग भरलेली होती, काळे, गोरे, मधले, सायकली, कडेवरची पोरं. कोण कुठे उभा आहे हे कुणी बघत नव्हतं. त्याला कासिल्दाची इतकी आठवण आली की छाती भरून आली, आणि ते दुःख नव्हतं. साखळी काढणारे कोण होते ते त्याला माहीत होतं, त्यांचे उपकार तो मानायचा. पण साखळी काढल्यावर रिकाम्या फरशीवर पहिलं पाऊल टाकायला कुणाला सांगता येत नाही. ते ज्याचं त्याने टाकायचं असतं. आपल्या घरात ते टाकणारी होती, यापेक्षा माणसाला आणखी काय हवं?

कार्यक्रम संपल्यावर नोर्का म्हणाली, "चल पापा, आज मी तुला गार लिंबूपाणी पाजते." बागेसमोर जुना क्लब होता, त्याचं आता हॉटेल झालं होतं, परदेशी पाहुण्यांचं, फक्त डॉलरवर चालणारं. तिच्या पर्समध्ये मैत्रिणीने धाडलेले काही डॉलर होते. व्हरांड्याच्या पायरीवर पहारेकरी उभा होता, तरुण, पांढऱ्या हातमोज्यांचा, इलारिओइतकाच काळा.

"माफ करा, कॉम्रेड. फक्त पाहुण्यांसाठी."

त्याच वेळी गावातलाच एक गोरा मुलगा, लोहाराचा नातू, चप्पल फटफटवत त्यांच्या शेजारून वर गेला. पहारेकऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"हा कुठला पाहुणा?" नोर्का म्हणाली. "हा तर माझ्या गल्लीतला! कुठल्या कायद्यात बसतं हे, सांग बघू मला."

पहारेकऱ्याने आवाज खाली आणला. "कायद्यात नाही बसत, डॉक्टर. कायदा नाहीये. ऑर्डर आहे."

"डॉक्टर" ऐकून नोर्काने त्याच्याकडे नीट पाहिलं. इलारिओने तिच्या दंडावर हात ठेवला. त्याच्या दुसऱ्या खांद्यावर बॉम्बार्दिनो होता आणि तो जड व्हायला लागला होता. "चल," तो म्हणाला. "शेंगदाणे घेऊ."

दोघं पायरीवरून वळले. चार पावलं गेली असतील, तर मागून तो पहारेकरी अजिजीने म्हणाला, "डॉक्टर... माझी उद्याची वेळ आहे. दाढ काढायची आहे. येऊ ना?"

नोर्का थांबली. क्षणभर इलारिओला वाटलं, आता आईचं तोंड सुटणार. तिने मागे वळून पाहिलं, त्या हातमोज्यांकडे, सुजलेल्या गालाकडे.

"ये," ती म्हणाली. "सकाळी लवकर ये. आणि काहीतरी खाऊन ये, रिकाम्या पोटी सुई सोसायची नाही."

कोपऱ्यावरच्या बाईकडून तिने शेंगदाण्याची पुडी घेतली. बागेच्या मधोमध उभं राहून ती एकेक दाणा सोलून इलारिओच्या तळहातावर ठेवत राहिली. दात वाजवायचे होते, खायचे नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्याने एक दाणा तोंडात टाकला आणि तो मऊ पडेपर्यंत जिभेवर धरून ठेवला.